‘बाई आले’ का म्हणतात, ते समजावून सांगितल्याबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

‘बाई आले’, ‘ताई आलं’, ‘खुर्ची मोडलं’. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळांत, जिथं बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, पहिली-दुसरीला ही वाक्यं कानावर पडली की ‘मराठी कच्चं’ असा शेरा मारून मोकळं होता येतं. तुम्ही तेलुगू, कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी मांडलीत आणि दाखवलंत, की ही लेकरं घरचं व्याकरण अगदी काटेकोर पाळतात. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. तुम्ही दिलेली रीत इतर शिक्षकांच्याही उपयोगी पडावी, म्हणून ती इथं तपशिलानं मांडतो.

तेलुगूत एकवचनाला दोनच कप्पे: पुरुष एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. ‘अन्ना वच्चाडु’ (दादा आला), पण ‘अम्मा वच्चिंदि’ (आई आली) आणि ‘बस्सु वच्चिंदि’ (बस आली). आई आणि बस, दोघींचं क्रियापद एकच. ‘ताई आलं’ येतं ते तिथून. कन्नडमध्ये अवनु (तो), अवळु (ती), अदु (ते) असे तीन कप्पे आहेत, पण निर्जीव वस्तू सगळ्या ‘अदु’. मग पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते कशासाठी, हे कन्नड घरातल्या मुलाला उमगावं तरी कसं? आणि आदरार्थी ‘आले’ म्हणताना तेलुगूतलं ‘वच्चारु’ काय, कन्नडमधलं ‘बंदरु’ काय, सरांना आणि बाईंना रूप एकच. मराठी मात्र आदर देतानाही लिंग सोडत नाही: सर आले, बाई आल्या. ‘बाई आले’ म्हणणारं मूल आदरच देत असतं, हे तुमचं वाक्य आम्ही विसरणार नाही.

आमची मोठी चूक तक्त्यात होती. तो-ते, ती-त्या, ते-ती असा तक्ता एका दमात पाठ करून घ्यायचा, ही जुनी सवय. त्यात ‘ते’ दोनदा येतं: ते झाड आणि ते मुलगे. ‘ती’सुद्धा दोनदा: ती मुलगी आणि ती झाडं. मूल तक्ता घडाघडा म्हणतं आणि बोलताना अडखळतं, कारण एकाच आवाजाला दोन अर्थ एकाच दिवशी चिकटवलेले असतात. तुमचा उपाय साधा: नपुंसकलिंगी एकवचनातलं ‘ते’ पक्कं होईपर्यंत अनेकवचनाला हात लावायचा नाही.

सुरुवात ‘हा, ही, हे’ने. वर्गातल्याच बारा वस्तू घ्यायच्या, प्रत्येक लिंगाच्या चार. वस्तूला हात लावून ‘हा डबा, ही पाटी, हे दप्तर’ म्हणायचं. नुसतं ‘पाटी’ कधीच म्हणायचं नाही. मग वस्तू लांब ठेवून ‘तो, ती, ते’. त्यानंतर पाडून दाखवायची: डबा पडला, पाटी पडली, दप्तर पडलं. माणसं त्यापुढे. ‘त्याला, तिला’ सगळ्यात शेवटी, कारण तिथं तो आणि ते दोघांचंही ‘त्याला’ होतं आणि आधी लावलेली घडी विस्कटते.

आपण आणि आम्ही यांसाठी तुम्ही खडूचं रिंगण दिलंत. बोलणारा रिंगणात उभा. ऐकणाराही आत असेल तर ‘आपण’, बाहेर असेल तर ‘आम्ही’. ‘आपण गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) जाऊ’ म्हटलं की मैत्रीण आत उडी मारते. ‘आम्ही गड्ड्याला जाऊ’ म्हटलं की ती बाहेरच राहते. तेलुगू मुलांना हे एका फेरीत कळतं, कारण त्यांच्या घरी ‘मनम्’ आणि ‘मेमु’ असा हाच फरक आहे. आजच्या कन्नडमध्ये दोन्हींना एकच ‘नावु’, म्हणून त्या मुलांना रिंगणाच्या फेऱ्या जास्त द्याव्या लागतात. ‘आपण कोठून आलात?’ मधला आदराचा ‘आपण’ हा फरक शिकवताना मध्ये आणायचा नाही.

उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलांचं दुखणं वेगळं. ‘तो’ आणि ‘ती’ दोघांनाही ‘वो’ चालतो, पण ‘आया-आयी’ त्यांच्या तोंडात असतं. त्यांना आला-आली जमतं, अडतं ते नपुंसकलिंगाशी. त्यांची सुरुवात दप्तरापासून करायची.

‘त्याने पोळी खाल्ली’ऐवजी ‘तो पोळी खाल्ला’ हीसुद्धा घरचीच रीत: तेलुगू-कन्नडमध्ये क्रियापद करणाऱ्याच्या मागं जातं. मराठीत ‘मी पोळी खाल्ली’, ‘तू पोळी खाल्ली’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून हा खड्डा दिसत नाही. ‘त्याने’, ‘तिने’ आलं की पाय अडकतो. तुमच्या सांगण्यावरून आता सरावाची वाक्यं ‘त्याने’पासूनच सुरू करतो.

आणि चूक झाली की ‘चुकलं’ म्हणायचं नाही. ‘बाई आले’ ऐकलं की ‘हो, बाई आल्या’ एवढंच म्हणायचं, एकदाच, आणि पुढं बोलत राहायचं.

आपल्या,
पूर्व भागातल्या मराठी शाळांमधल्या शिक्षिका
सोलापूर