अनुदान देताना घराच्या स्लॅबकडेही पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाडवा आणि अक्षय्य तृतीया जवळ आली की सोलापुरात नव्या गृहयोजनांच्या जाहिरातींनी पानं भरतात. आयुष्यातलं पहिलं घर घेणारं माणूस त्या वाचून तीनच गोष्टी विचारतं: किंमत किती, हप्ता किती बसेल आणि अनुदान मिळेल का? हे घर उन्हाळ्यात किती तापेल, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. माझ्या मते आपल्यासारख्या गावात हा प्रश्न हप्त्याइतकाच मोठा आहे, म्हणून हे पत्र.

मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहिते, यजमान मालवाहू टेम्पो चालवतात. सासूबाईंचं सारं आयुष्य पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत गेलं. आमच्या घरात स्वतःच्या नावावर घर झालेली आमची पहिलीच पिढी. पंतप्रधान आवास योजनेतून व्याजाचं अनुदान मिळालं म्हणूनच ते जमलं, त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. फ्लॅट वन बीएचके, चटईक्षेत्र 380 चौरस फूट. सगळ्यात वरचा मजला, कारण तिथला दर कमी होता.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 43 अंशांवर जातो. आमच्या डोक्यावर उघडा काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर पाणी गळू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा. दिवसभर तो ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. संध्याकाळी बाहेर वारा सुटतो तेव्हा घर बाहेरपेक्षा जास्त तापलेलं असतं. पंखा लावला तर वरची गरम हवाच अंगावर येते.

सासूबाई आजही घरी विड्या वळतात. तेंदूचं पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावं लागतं, तरच ते मऊ राहतं आणि कात्रीने नीट कापता येतं. आमच्या बेडरूममध्ये दुपारी फडकं बघता बघता वाळतं, पान कडक होतं आणि वळताना चिरतं. चिरलेल्या पानाची मजुरी मिळत नाही. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या हजारो बायकांचं घर हेच त्यांचं कामाचं ठिकाण आहे. घर तापलं की त्यांची कमाई घटते, हे गृहयोजना आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

यावर सगळे कूलर घ्या म्हणतात. आम्ही घेतलाही. पण कूलरला पाणी लागतं आणि आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. शिवाय कूलर चालू झाला की बिल 100 युनिटच्या वर जातं आणि वरच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट लागतो. कर्जाचा हप्ता वीस वर्षांचा, आणि हे बिल घर असेपर्यंतचं. घर स्वस्त आहे की महाग, हे ठरवताना दोन्ही आकडे एकत्र धरायला हवेत.

यावर उपाय नाही असं नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ ही घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली आणली. 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी ती आहे. तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे. प्रत्येक चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, 1.2 वॅटपेक्षा जास्त नको. उघड्या स्लॅबमधून जवळपास तिप्पट येते. कोब्याखाली उष्णतारोधक फोमचे बोर्ड आणि वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक, एवढ्याने ती मर्यादा गाठता येते. कोबा तर बिल्डर घालतोच. स्लॅब पडल्यावर लगेच हे केलं तर खर्च सगळ्या मजल्यांवरच्या फ्लॅटमध्ये वाटला जातो. नंतर करायचं तर कोबा फोडा, गळतीची भीती घ्या, सोसायटीची संमती मिळवा, आणि खालच्या मजल्यावरचे म्हणणार, आम्हाला काय त्याचं?

खिडक्यांचंही तसंच. आपल्यासारख्या उष्ण-कोरड्या हवामानात बाहेर उघडणाऱ्या दारं-खिडक्यांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या निदान 10 टक्के असावं, असं ही संहिता सांगते. मी टेप घेऊन मोजलं. हॉलची खिडकी चार बाय चार फूट, बेडरूमची तेवढीच, स्वयंपाकघरातली तीन बाय तीन. गॅलरी नाही. कागदावर 41 चौरस फूट भरतात, लागतात 38. पण सगळ्या खिडक्या स्लायडिंग आहेत. एक काच दुसरीवर सरकते, म्हणजे कायम निम्मीच खिडकी उघडते. हवा यायला मिळतात साडेवीस चौरस फूट. याच मापाच्या खिडक्यांना बाहेर उघडणारे पल्ले असते तर भिंतीत एक इंचही वाढ न करता हवेची जागा जवळजवळ दुप्पट झाली असती. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा नाही, त्यामुळे तीन वाजल्यापासून ऊन थेट गादीवर येतं.

बार्शी तालुक्यात माझ्या माहेरी अजून माळवदाचं घर आहे. जाड भिंती आणि लाकडाच्या पाटणीवर हातभर पांढरी माती. भर दुपारी आत गेलं की जीव थंड होतो. ती घरं परत बांधा, असं मी म्हणणार नाही. दर पावसाळ्याआधी माती टाकायची, कुठे गळतंय ते शोधायचं, हे सगळं आईने काढलंय. पण छत जाड हवं आणि भिंतीवर सावली हवी, हे आपल्या गवंड्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. आज तेच काम कमी जाडीच्या साहित्यात होतं.

स्वस्त घरात हे परवडत नाही, असं बिल्डर म्हणतात. राजकोटला पंतप्रधान आवास योजनेतल्याच ‘स्मार्ट घर 3’ या वसाहतीत भारत-स्वित्झर्लंड सहकार्याच्या प्रकल्पातून एएसी म्हणजे हवेची छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंती, छताला उष्णतारोधक थर आणि पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या वापरल्या गेल्या. ती गरीब कुटुंबांचीच घरं आहेत. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं धोरण जाहीर केलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या किती तरी तेलुगू भाषिक घरांचे नातेवाईक तिकडे आहेत, त्यांना हे माहीत असेल. आणि मोठं काम सोलापूरला जमत नाही, असं तर कोणी म्हणूच नये. कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची वसाहत इथल्या कामगारांनी लढून मिळवली, आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातली 15 हजार घरं त्यांच्या ताब्यातही आली.

माझी मागणी नेमकी आहे. आता आवास योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे. त्यात गृहकर्जावर 1 लाख 80 हजारांपर्यंत व्याज-अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं. हा जनतेचा पैसा आहे. तो ज्या प्रकल्पातल्या घराला मिळणार, त्या प्रकल्पाने छत आणि खिडक्यांबाबत इको निवास संहिता पाळलीच पाहिजे, अशी अट घाला. आमच्या कर्जाच्या वेळी बँकेच्या वकिलाने टायटल, म्हणजे मालकीची कागदपत्रं, तपासली, व्हॅल्युअर येऊन फोटो काढून गेला. छताबद्दल एकानेही विचारलं नाही.

दुसरं, करारनाम्याबद्दल. आमच्या करारनाम्याच्या परिशिष्टात फरशी दोन बाय दोन व्हिट्रिफाइड, ओटा ग्रॅनाइटचा, वायरिंग कन्सील्ड, नळ कोणत्या कंपनीचे, हे सगळं लिहिलं आहे. डोक्यावरच्या छतावर कोणता थर देणार आणि खिडकी किती उघडणार, याची एक ओळही नाही. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने या दोन ओळी परिशिष्टात सक्तीच्या केल्या, तर घर बघायला जाणारं माणूस नळाच्या कंपनीसारखंच तेही वाचेल, आणि बिल्डरने दिलं नाही तर तक्रार करायला हातात कागद राहील.

सोलरचं अनुदान आहेच ना, असंही कोणी म्हणेल. ‘सूर्यघर’ योजनेत स्वतंत्र घराला 78 हजारांपर्यंत मिळतात, सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार. चांगली योजना आहे, पॅनेलची सावली छतालाही पडते. पण आधी तापणारं घर बांधायचं आणि मग ते गार करायला वीज तयार करायची, हा क्रम उलटा आहे.

सध्या आम्ही वरच्या मजल्यावरची चार बिऱ्हाडं वर्गणी काढून दर पाडव्याआधी गच्चीला चुना आणि फेव्हिकॉलचा हात देतो. फरक पडतो, दुपारी गच्चीवर अनवाणी चालता येतं. पण धुळीने तो मळतो आणि पावसाने धुऊन जातो. पुढच्या वर्षी पुन्हा खर्च.

शहराच्या हद्दीत आज कितीतरी इमारतींचे शेवटचे स्लॅब पडायचे आहेत. कोबा झाल्यावर हेच काम दुप्पट कटकटीचं होतं. म्हणून महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागाने निदान अनुदानपात्र योजनांच्या बिल्डरांना आणि आर्किटेक्टना या पावसाळ्याआधी बोलावून छताचा थर आणि खिडक्यांचे पल्ले नकाशात दाखवायला सांगावं. आपल्या दैनिकाने हा विषय आयुक्तांपर्यंत न्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरची एक गृहकर्जदार वाचक,
सोलापूर