प्लाझ्मा दुर्मीळ? भोसरीला या!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पदार्थाच्या चौथ्या-पाचव्या अवस्थेवरचा लेख वाचला. चित्रे छान होती. मात्र चौथी अवस्था प्लाझ्मा, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झाल्याने वीज वाहू देणारा वायू, ही 'दुर्मीळ' अवस्था आहे आणि ती लाखो अंश तापमानालाच, बड्या प्रयोगशाळांत पाहायला मिळते, हे वाचून हसावे की रडावे कळेना. लेखकमहाशय हे बहुधा ट्यूबलाइटखाली बसूनच लिहीत असावेत. पेटलेल्या नळीत प्लाझ्माच असतो, आणि काच हाताला जेमतेम गरम लागते.

माझे भोसरीत छोटे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. तिथे रोज प्लाझ्मा कटिंग चालते. स्टेनलेस स्टीलची प्लेट साध्या गॅसने नीट कापली जात नाही. तिच्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइड लवकर वितळत नाही, काप तिथेच अडतो. मागे एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुले भेटीला आली होती. सोबतच्या सरांनी लांबूनच, 'हे वेल्डिंग, चला पुढे' म्हणून मुलांना हाकलले. आमचा ऑपरेटर दहावी नापास. काळी काच वर करून म्हणाला, "सर, वेल्डिंग जोडतं, हे कापतंय." मग त्याने मुलांना टॉर्चचे नोझल उघडून दाखवले. "कॉम्प्रेसरची हवा इथून येते. आर्क पेटला की हवेतूनच करंट जातो. ती तापलेली हवा लोखंड वितळवते आणि खाली उडवून लावते." तिथले तापमान वीस हजार अंशांच्या घरात. प्लाझ्माची याहून सोपी व्याख्या मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. सर तोवर घड्याळ बघत होते. त्यांना चहाची घाई होती, आणि चहा आम्हीच पाजला!

असो. पाचव्या अवस्थेबद्दल, म्हणजे 'बोस-आइन्स्टाइन संघनिता'बद्दल (अतिथंड अणू जणू एकच होऊन वागतात ती अवस्था) लिहिताना तुमच्या लेखात आइन्स्टाइनचा फोटो अर्धे पान, आणि सत्येंद्रनाथ बोस एका ओळीत. बोसांनी 1924 मध्ये ढाक्याहून आपला निबंध आइन्स्टाइनला पाठवला, त्यावरून पुढचे सगळे घडले. रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानाच्या, अगदी जवळ नेऊन ती अवस्था प्रत्यक्षात यायला 1995 उजाडले. तापलेल्या वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, याचे समीकरण 1920 च्या सुमारास मांडणाऱ्या मेघनाद साहांना तर ती एक ओळही नाही.

आणि पुण्याच्या वृत्तपत्राने पुण्यालाच विसरावे? सूर्य म्हणजे प्लाझ्माचाच गोळा. 'आदित्य-एल1' या भारताच्या सूर्ययानावरची त्याची अतिनील छायाचित्रे घेणारी 'सूट' दुर्बीण विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेने उभी केली. गणेशखिंडीपर्यंत एखादा वार्ताहर पाठवायला रिक्षाभाडे फार पडत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सदाशिव पेठ

ता. क. : पहिली दोन पाने बिल्डरांची आणि बातम्या तिसऱ्यापासून, हे सोसतो आहोत. निदान लेख तरी जांभळ्या रंगावर बारीक पांढऱ्या अक्षरांत छापू नका. भिंग घेऊन वाचावा लागला.