सायलेंट व्हॅली सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग

विषय : दिवाळीच्या केरळ सहलीत जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याबाबत

महोदय,

आपल्या सोलापूर शाखेत नोंदणी करून दिवाळीच्या सुट्टीत केरळला गेलेल्या प्रवाशांच्या वतीने हे पत्र आहे. प्राणी दिसले नाहीत, अशी आमची तक्रार नाही. सायलेंट व्हॅली हे सदाहरित वर्षावन आहे. ताडोबासारखी पाणवठ्यापाशी गाडी लावून तिथे वाघाची वाट पाहता येत नाही, आणि बरेचसे प्राणी-पक्षी उंच शेंड्यांतच वावरतात. हे जाणणाऱ्या माणसाने सहल आखलीच नव्हती, ही तक्रार आहे.

सगळे बिघडले ते वेळेमुळे. उद्यानात खासगी गाडी सोडत नाहीत. उद्यानाच्या वेशीवरच्या मुक्काली गावी वनखात्याची जीप आणि वाटाड्या घ्यावा लागतो आणि तिथून उद्यानातल्या सैरंध्रीपर्यंत सुमारे २३ किलोमीटर जंगलातला खडबडीत रस्ता आहे. प्रवेश सकाळी ८ला सुरू होऊन दुपारी बंद होतो. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस बहुधा दुपारनंतरच गाठतो. म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम मुक्काली किंवा मन्नारकाडलाच हवा. आपण तो कोइम्बतूरला ठेवलात आणि नाश्ता ९ला दिलात. बस मुक्कालीला पोचली तेव्हा साडेबारा झाले होते. पक्षी आणि माकडे खाण्यात गुंतलेली असतात ती सकाळ रस्त्यातच गेली, आणि सैरंध्रीच्या मनोऱ्यावरून फक्त ढग दिसले.

सामानाच्या यादीत 'हाफ पँट, स्पोर्ट्स शूज' लिहिले होते. ओल्या वर्षावनात हे सरळ चुकीचे आहे. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे पँटवरून चढवून मग बूट घालायचे, म्हणजे जळवा आत शिरत नाहीत. त्याहून गंभीर म्हणजे आपला टूर मॅनेजर लायटरने जळवा काढत होता. चटका बसला की जळू पोटातले जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. नखाने आधी निमुळत्या टोकाची आणि मग मागची पकड सोडवायची, जखम धुऊन दाबून धरायची. जळूच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे ते बराच वेळ वाहते. गटात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ होते. नोंदणी करताना ही चौकशी कोणीच केली नाही.

माहितीपत्रकावर धनेश पक्ष्याच्या जागी दक्षिण अमेरिकेतला टूकन छापला आहे. 'सिंहपुच्छ माकड हमखास' असेही लिहिले आहे. या माकडांचे कळप फळांमागे फिरतात, त्यांची हमी कोण देणार? मॅनेजरने तर निलगिरी वानरच सिंहपुच्छ म्हणून दाखवले. वानराची शेपटी लांबलचक आणि डोक्यावरचे केस पिंगट असतात. सिंहपुच्छाच्या काळ्या तोंडाभोवती रुपेरी आयाळ असते आणि आखूड शेपटीला गोंडा. ज्या माकडाच्या रक्षणासाठी इथल्या नियोजित धरणाविरुद्ध चळवळ झाली आणि १९८४मध्ये हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, ते तरी ओळखता यायला हवे.

सायलेंट व्हॅलीच्या दिवसाचे पूर्ण शुल्क प्रत्येक प्रवाशाला परत करावे. माहितीपत्रक मागे घ्यावे, आणि पुढच्या तुकडीचा मुक्काम व सामानाची यादी वर लिहिल्याप्रमाणे बदलावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तसा हक्क आहे. पावत्या, माहितीपत्रक आणि जीपची तिकिटे यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपले,
सहलीतील प्रवासी, सोलापूर