घारापुरीचा हत्ती भायखळ्याला आहे, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

महोदय,

गेल्या फेब्रुवारीत पुतण्याच्या लग्नासाठी माझी बहीण, मेहुणे आणि त्यांच्या दोन नाती बार्शीहून आल्या होत्या. लग्न रविवारी झालं. परतीचं आरक्षण सोमवारी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं, म्हणजे मुंबई बघायला हातात एकच दिवस. मुलींना घारापुरीची लेणी बघायची होती. मी हॉलवर मांडववाल्याचा हिशेब मिटवत होतो, म्हणून मेहुणेच त्यांना घेऊन सकाळी गेटवेला गेले. तिथे गेल्यावर कळलं, की सोमवारी लेणी बंद असतात. मला हे ठाऊक होतं आणि गडबडीत सांगायचं राहिलं, ही माझी चूक. पण बाहेरगावच्या ज्या माणसाचा मुंबईत कोणी मामा नाही, त्याने काय करायचं? मेहुण्यांनी बराच शोध घेतला, त्यांना मराठीत तसा फलक कुठे दिसला नाही. फोनवर धाकटीचा आवाज रडवेला झाला होता.

मी ३४ वर्षं गोदीत टॅली क्लार्क होतो. जहाजातून उतरणारा प्रत्येक नग मोजायचा आणि वहीत मांडायचा, हे माझं काम. त्यामुळे मला मुंबई पाण्याकडूनच ओळखीची आहे. मी त्यांना टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर बोलावून घेतलं.

लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोकांचे भाऊ, यांच्या नावाने ओळखला जाणारा हा धक्का मुंबई दर्शनाच्या बसमधल्या माणसाला सहसा दिसत नाही. त्याला चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि म्हातारीचा बूट दाखवतात. ते बघावंच, पण मुंबई मोठी झाली ती पूर्वेकडच्या या बंदरामुळे. धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला लाँच जाते. उरणकरांची ती रोजची गाडी, भाडंही तशाच बेताचं. आम्ही मोऱ्याला जाऊन आलो. डाव्या हाताला तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप आणि त्यामागे घारापुरीचा डोंगर. लेणी नाही तर नाही, बेट तरी दिसलं. थोरली सातवीत आहे. बेटावर २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून वीज आली, तोवर तिथल्या गावांना जनरेटरचे मोजके तास मिळत, हे ऐकून ती कितीतरी वेळ त्या डोंगराकडे बघत राहिली.

परतताना मी त्यांना व्हिक्टोरिया गोदी कुठे होती ते दाखवलं. होती असं म्हणायचं, कारण १८८८ सालची व्हिक्टोरिया आणि तिच्याही आधीची १८८० ची प्रिन्सेस, या दोन्ही गोद्या आता बुजवल्या आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला. आग विझवायला धावलेले ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. माझे आजोबा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते आणि उशिरा निघाले म्हणून वाचले. ज्या पाण्यात हे घडलं तिथे आज भराव घातलेली जमीन आहे. गोदी बुजली, निदान तिची गोष्ट तरी धक्क्यावर कुठेतरी लिहिलेली हवी.

दुपारी शिवडीला गेलो, तेही वेळ बघून. भरतीचं गणित आजोबांनी शिकवलेलं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. त्या दिवशी षष्ठी होती, सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे अडीचच्या सुमाराला पाणी चढत असणार आणि फ्लेमिंगो चिखलातून सरकत सरकत काठाकडे येणार. तसंच झालं. पूर्ण ओहोटीला गेलात तर लांबवर गुलाबी रेघ तेवढी दिसते, आणि ऐन भरतीला चिखलच पाण्याखाली. कितीतरी लोक भलत्या वेळी येऊन, पक्षी नाहीतच म्हणून परत जाताना मी बघितले आहेत. शेजारून अटल सेतू सुरू होतो. पूर्वीइतके पक्षी मला आता तिथे दिसत नाहीत, पण त्या दिवशी होते आणि मुली हरखल्या.

मग धाकटीने विचारलं, “एलिफंटा म्हणजे हत्ती ना? मग हत्ती कुठंय?” हा प्रश्न मला आजवर एकाही मोठ्या माणसाने विचारला नव्हता. मी त्यांना तडक भायखळ्याला नेलं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे, तोच तो. हा हत्ती घारापुरीच्या किनाऱ्यावर होता, त्याला पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे, संग्रहालयालगतच्या राणीच्या बागेत आणले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. मी आयुष्यभर यारीने, म्हणजे क्रेनने, उचलले जाणारे जड नग बघितले आहेत, त्यामुळे तो दगड खाली येताना काठावरच्या माणसांचं काय झालं असेल ते मला कळतं. धाकटीने सांध्यांच्या रेघा बोटाने हवेतल्या हवेत गिरवल्या. साडेपाच वाजले तरी तिथून हलेना.

माझं मागणं मोठं नाही. गेटवेच्या लाँचच्या तिकीट खिडकीशी ठळक मराठीत लिहा: सोमवारी लेणी बंद, परतीची शेवटची लाँच अमुक वाजता. भाऊच्या धक्क्यावर आणि शिवडीला रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिल्या तरी चालतील. घारापुरीला शेतबंदरावर एक पाटी लावा, की इथला हत्ती भायखळ्याला आहे, आणि तिथे कसं जायचं. आणि बंदर प्राधिकरणाला विनंती, की महिन्यातून एक रविवार इंदिरा गोदी लोकांना आतून दाखवा. काय कुठे होतं ते सांगायला आमच्यासारखे निवृत्त गोदी कामगार बिनपगारी येतील. माझ्या ओळखीतच सहा-सातजण आहेत, आणि ते सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत, तेव्हा हे लवकर व्हावं.

दिवाळीच्या सुट्टीत बहीण नातींना घेऊन परत येते आहे. या खेपेला घारापुरीसाठी मंगळवार ठरवला आहे.

— एक निवृत्त टॅली क्लार्क, कॉटन ग्रीन, मुंबई