खुले पत्र : पानसरे अण्णांच्या मारेकऱ्यांनाही फाशी मागू नका

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कॉ. गोविंद पानसरे खून खटल्यासह कोणत्याही खटल्यात राज्य सरकारने फाशीची मागणी न करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातील डाव्या चळवळीचा एक कार्यकर्ता या नात्याने हे पत्र लिहीत आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतताना कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला अण्णा गेले. त्या घटनेला दहा वर्षे उलटून गेली तेव्हाही खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. या खटल्यात कोणी दोषी ठरले, तर सरकारी वकिलांनी शिक्षेच्या युक्तिवादात फाशी मागू नये, अशी माझी आपणास विनंती आहे. अण्णांच्या खुनाच्या निषेधार्थ निघणाऱ्या ‘निर्भय मॉर्निंग वॉक’मध्ये चालणाऱ्या माझ्याच काही सोबत्यांना ही विनंती रुचणार नाही. त्यांचा संताप मला परका नाही, कारण तोच संताप माझ्याही मनात आहे.

तरीही ही विनंती का करतो, हे सांगायला हवे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाचा निकाल १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयात लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले आणि या कटामागचे डोके कोणाचे, हा प्रश्न निकालानंतरही उरला. पानसरे प्रकरणातही आम्ही पहिल्या दिवसापासून सूत्रधार कोण, हेच विचारत आलो आहोत. पिस्तूल चालवणाऱ्याला फासावर चढवले, तर वर्तमानपत्रात मोठा मथळा येईल, सरकारला कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मिळेल आणि जो माणूस आज ना उद्या तोंड उघडू शकला असता, तो कायमचा गप्प होईल. तपासातील दिरंगाई झाकण्यासाठी फाशीइतके सोयीचे दुसरे साधन नाही.

आता विचारसरणीविषयी. समाजवादी मंडळी फाशीच्या विरोधात असतात ती केवळ हळवेपणामुळे, असा एक समज आहे. १८५३ मध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या ‘डेली ट्रिब्यून’मध्ये लिहिलेल्या लेखाचा आशय असा होता की, जी समाजव्यवस्था गुन्हेगार घडवत राहते, तिने काही गुन्हेगारांना लटकावून नव्यांसाठी जागा करून देण्याऐवजी स्वतःला बदलण्याचा विचार करावा. जर्मनीतील समाजवादी नेत्या रोझा लक्झेंबर्ग नोव्हेंबर १९१८ मध्ये तुरुंगातून सुटल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी देहदंड रद्द करण्याची मागणी केली. दोन महिन्यांच्या आत त्यांचाच खून झाला. फ्रान्समध्ये समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी १९०८ मध्ये संसदेत फाशीविरुद्ध भाषण केले, १९१४ मध्ये ते गोळीला बळी पडले आणि अखेर १९८१ मध्ये मितराँ यांच्या समाजवादी सरकारने तेथील देहदंड रद्द केला. ज्यांना स्वतः मारले गेले, त्यांनीही राज्यसंस्थेच्या हाती मारण्याचा अधिकार असू नये असे म्हटले होते, ही गोष्ट मला अण्णांचा विचार करताना फार जवळची वाटते.

याच परंपरेची दुसरी बाजू लपवून मला हा युक्तिवाद करायचा नाही. १९१७ च्या क्रांतीनंतर सोव्हिएत काँग्रेसने अगदी सुरुवातीलाच देहदंड रद्द केला, आणि वर्षही पूर्ण होण्याआधी तो परत आणला. स्टॅलिनच्या काळात लाल झेंड्याखाली किती निष्ठावान कम्युनिस्ट गोळ्या घालून मारले गेले, हे जगाला ठाऊक आहे. चीनमध्ये आणि व्हिएतनाममध्ये आजही ही शिक्षा दिली जाते. माझ्या मते समाजवाद तेथे शत्रूंपुढे हरला नाही. माणूस बदलू शकतो हा स्वतःचाच सिद्धान्त त्याने ज्या दिवशी सोडला, त्या दिवशी तो हरला. परिस्थिती माणसाला घडवते असे सभेत सांगायचे आणि न्यायालयाबाहेर ‘फाशी द्या’ म्हणून घोषणा द्यायच्या, या दोन गोष्टी एका तोंडात शोभत नाहीत.

आपल्या देशातही हा विचार बाहेरून उसना आणावा लागलेला नाही. भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना २३ मार्च १९३१ रोजी फाशी दिली गेली. त्यानंतर काही दिवसांतच भरलेल्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात देहदंड असू नये असे नमूद केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जून १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीची शिक्षा पूर्णपणे रद्द करणे हेच या देशासाठी योग्य ठरेल, असे मत मांडले होते.

महोदय, फाशी कोणाला होते, हे तर आपल्या खात्याला अधिक माहीत असावे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे आढळले. महाराष्ट्रातील एका खटल्यात भटक्या समाजातील सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली, त्यांतील काहींच्या बाबतीत तर जन्मठेपेची फाशी केली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. दरम्यानच्या काळात शिक्षा अमलात आली असती, तर ते पाच लाख कोणाच्या हातावर ठेवले असते?

कोल्हापूरला या प्रश्नाची आणखी एक जुनी ओळख आहे. लहान मुलांना पळवून, त्यांना चोरीच्या कामी वापरून मारून टाकणाऱ्या दोन बहिणींना येथील सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली. त्या खटल्याची आठवण निघाली की आजही आया अंगणातल्या लेकराला घरात बोलावतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती शिक्षा कायम केली आणि दयेचा अर्ज फेटाळला गेला तो २०१४ मध्ये. हा अर्ज शासनाच्या टेबलांवर इतकी वर्षे रखडला की जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या विलंबावरून सरकारला खडे बोल सुनावत फाशी रद्द करून जन्मठेप दिली. मेलेल्या मुलांच्या आईबापांना वीस वर्षे ‘आज फाशी, उद्या फाशी’ असे झुलवत ठेवण्यापेक्षा २००१ मध्येच जन्मठेप सुनावली गेली असती, तर त्यांचा न्याय त्यांना त्याच वर्षी मिळाला असता.

राज्य सरकारच्या हातात काय आहे, असे आपण म्हणू शकाल. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. ज्या मार्गाने आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये स्त्रिया व मुलांवरील अत्याचारांबाबतचे शक्ती विधेयक संमत करून फाशीची व्याप्ती वाढवू पाहिली, त्याच मार्गाने ती कमी करणारे विधेयकही आणता येते. ते होईपर्यंत गृह आणि विधी विभागाने सरकारी वकिलांना फाशी न मागण्याच्या लेखी सूचना द्याव्यात, शिक्षा सौम्य करण्याचा सरकारला असलेला अधिकार वापरावा आणि आरोपीची पार्श्वभूमी व मानसिक स्थिती यांविषयी जो अहवाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आवश्यक ठरवला, तो तयार करण्यासाठी कळंब्यासह प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात प्रशिक्षित माणसे नेमावीत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. सहा जिल्ह्यांतील गरीब आरोपीचे अपील आता येथेच चालणार असेल, तर त्याला मिळणारा विधी सेवेचा वकील अनुभवी असावा आणि त्याला पुरेसे मानधन मिळावे, एवढी तरतूद आपण येत्या अर्थसंकल्पात जरूर करावी.

पानसरे खटल्याबाबत आमची मागणी पूर्वीचीच आहे : तपास सूत्रधारापर्यंत न्या, खटला रोज चालवा, साक्षीदारांना संरक्षण द्या आणि दोषींना जन्मठेप द्या. आपला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक कार्यकर्ता,
कोल्हापूर