मानांकन खेळाडूंना की महाविद्यालयाच्या नावाला?

संपादक महोदय,

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा आल्या की भाग्यपत्रिकेवरून, म्हणजे कोण कोणाशी खेळणार हे ठरवणाऱ्या तक्त्यावरून (ड्रॉ), कुरबुर ठरलेलीच. राग बहुधा चिठ्ठ्यांवर निघतो, पण खरी गोम मानांकनात, म्हणजे बलवान संघांना चिठ्ठीविना ठरावीक जागा देण्यात, असते. गेल्या वर्षीच्या पहिल्या चार संघांना यंदा मानांकन द्यायचे, ही रुळलेली रीत. मात्र बारा जणांच्या संघातले काही खेळाडू दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात. कधीकधी गतविजेत्यांच्या पहिल्या पाचातला एकही उरत नाही, तरी मानांकन महाविद्यालयाच्या नावावर चालूच.

त्यात मानांकनाला बायची, म्हणजे पहिली फेरी न खेळता पुढे जाण्याची, जोड मिळते. समजा, १३ संघ आले. बाद पद्धतीत दर फेरीला संघ निम्मे व्हावेत म्हणून १६ जागांचा तक्ता लागतो; १६ मधून १३ वजा करून तीन बाय. वरच्या अर्ध्यात ७ संघ, खालच्यात ६. प्रचलित क्रमाने पहिला बाय तेराव्या जागेला, दुसरा पहिल्या आणि तिसरा आठव्या जागेला. पहिले मानांकन जागा १ वर, दुसरे १३ वर, तिसरे ८ वर, चौथे ७ वर. म्हणजे पहिल्या तिघांना विजेतेपदासाठी तीन सामने, बाकी सगळ्यांना चार. मालेगावहून पहाटेची एसटी धरून आलेला संघ सकाळी आठला सिमेंटच्या कोर्टवर उतरतो आणि जिंकला तर त्याच दुपारी ताज्या दमाच्या संघापुढे उभा राहतो. चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात, फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटू लागतात, आणि निकालानंतर ‘मानांकन बरोबरच होते’ म्हणायला सगळे मोकळे!

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या एनसीएए स्पर्धेचा दाखला हमखास दिला जातो. तिथे २०११ पासून पुरुषांच्या ६८ संघांची स्पर्धा होते. पूर्वी संघांची क्रमवारी लावणाऱ्या ‘आरपीआय’ या सूत्रात प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला निम्मे वजन होते. २०१८ मध्ये त्याजागी ‘नेट’ हे सूत्र आले. पण ही सूत्रे चालतात ती एकेका संघाचे त्याच हंगामातले तीसेक सामने हाताशी असल्यामुळे. आपल्याकडे मुळात सामनेच मोजके, तिथे सूत्र लावून आकड्यांचा नुसता देखावा होईल. घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: तिथली निवड समिती १ ते ६८ असा पूर्ण क्रम जाहीर करते. शिवाय एकाच कॉन्फरन्सचे (हंगामभर आपापसात खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटाचे) बलाढ्य संघ सुरुवातीलाच एकमेकांवर येणार नाहीत, हे पाहिले जाते. नाशिकमध्ये एकेका शिक्षणसंस्थेची अनेक महाविद्यालये आहेत. त्यांचे संघ भाग्यपत्रिकेच्या वेगवेगळ्या चतुर्थांशांत टाकायला खर्च काहीच नाही.

खरा उपाय साखळी-कम-बाद पद्धतीचा: आधी गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, मग गटविजेत्यांत हरेल तो बाहेर. १३ संघांचे चार गट (४, ३, ३, ३) केले तर साखळीचे १५ आणि बादचे ३, असे १८ सामने होतात. निव्वळ बाद पद्धतीत १२. सामन्याला दीड तास धरला तर एका कोर्टवर जादा नऊ तास, म्हणजे एक दिवस. त्या बदल्यात प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात आणि मानांकन चुकले तरी संघ एका सकाळीत घरी जात नाही. तीनच्या गटात एक पेच मात्र येतो. अ ने ब ला ६२-५०, ब ने क ला ५८-५५ आणि क ने अ ला ६०-५४ असे हरवले, तर तिघांचे विजयाचे गुण समान. मग आपापसातला गुणफरक (केलेले उणे दिलेले गुण) पाहायचा: अ +६, क +३, ब -९. शेवटचा सामना खेळणाऱ्या दोघांना किती फरक हवा हे आधीच कळलेले असते, तिसरा नुसता बघत बसतो. म्हणून गुणफरकाचा नियम पहिल्या सामन्याआधी लेखी द्यावा. ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमात विजयाला २, पराभवाला १ आणि सामना सोडून दिल्यास शून्य गुण आहेत. तेच ठेवावेत, स्थानिक शोध लावू नयेत.

जादा दिवस परवडत नसेल तर निदान एवढे करा. गेल्या वर्षीच्या बारापैकी किमान पाच खेळाडू यंदाच्या पात्रता यादीत असतील तरच जुने मानांकन द्या. नसतील तर तो संघ इतरांबरोबर चिठ्ठीत. चौथ्या मानांकनापुढे ओढाताण नको, तिथे अंदाजच चालतो. पहिली फेरी खेळलेल्या संघाला त्याच दिवशी दुसरा सामना देऊ नका. आणि भाग्यपत्रिका आदल्या दिवशी दुपारी संघव्यवस्थापकांसमोर काढून, मानांकनाच्या कारणासह, लगेच सर्वांना पाठवा. हरकत संध्याकाळी सहापर्यंत लेखी घ्यावी, त्यानंतर कुणाच्याही फोनवर जागा बदलू नये.

— एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, नाशिक