पर्पेतुआची डायरी वाचून दाखवा

मा. संपादक,
स.न.

८ मार्चला पेपरात महिला दिनाची पानंच्या पानं येतात, पण त्याच्या आदल्याच दिवशी संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिता यांचा सण असतो हे आम्हा ख्रिस्ती लोकांच्यासुद्धा लक्षात राहत नाही. ७ मार्च बहुतेक वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो, मिस्सेत म्हणजे चर्चमधल्या उपासनेत त्यांच्या नावाची एक प्रार्थना होते आणि झालं. मला याचं खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

गोष्ट इ.स. २०३ मधली, कार्थेज शहरातली, म्हणजे आजचं ट्युनिशिया. पर्पेतुआ साधारण २२ वर्षांची, खानदानी घरातली, शिकलेली, अंगावर पिणारं लेकरू. फेलिसिता गुलाम, आठव्या महिन्यातली पोटुशी. ख्रिस्ती होतायत म्हणून रोमन सत्तेने दोघींना बाकीच्यांबरोबर पकडलं. आणि पर्पेतुआने जेलमध्ये स्वतः डायरी लिहिली, ती आजही आहे! एवढ्या जुन्या काळातल्या बाईचे स्वतःचे शब्द मिळणं किती दुर्मिळ आहे बघा.

चित्रात तिच्या हातात झावळी असते, म्हणजे धर्मासाठी जीव दिल्याची खूण, आणि चेहरा शांत, पण डायरीतली बाई तशी नाहीये, ती घाबरलीय, म्हणते असा अंधार मी कधी बघितला नव्हता, गर्दीने जीव गुदमरतोय, बाळ भुकेने अर्धमेलं झालंय. मग चर्चच्या दोघा सेवकांनी, डीकननी, शिपायांना पैसे चारून त्यांना थोड्या बऱ्या जागेत हलवलं, तिथे तिने बाळाला पाजलं, बाळ जवळ राहायची परवानगी मिळाली तेव्हा म्हणते की आता हा तुरुंगच मला राजवाडा वाटतो. बाप येऊन रडतो, माझ्या पांढऱ्या केसांची तरी दया कर म्हणतो, तिच्या हाताचे मुके घेतो. कोर्टात त्या म्हाताऱ्याला छडीने मारलं तेव्हा ती लिहिते की जणू मलाच मारलं. नंतर बापाने त्याच्याकडे असलेलं बाळ परत दिलं नाही, पण बाळाने दूध मागणं सोडलं आणि माझी छातीही दुधाने दाटून दुखली नाही, ही देवाची कृपा, असं तिने लिहिलंय. कुठला पुरुष हे लिहिणार होता, सांगा.

शेवटी ती एवढंच म्हणते की खेळाच्या दिवशी, म्हणजे लोकांसमोर कैद्यांना जनावरांपुढे सोडतात त्या दिवशी, काय होईल ते ज्याला लिहायचं त्याने लिहावं. पुढचं दुसऱ्याने लिहिलं, रोमन राजपुत्र गेटाच्या वाढदिवसाच्या खेळात त्यांच्यावर पिसाळलेली गाय सोडली ते, आणि पडल्यावर पर्पेतुआने सुटलेले केस पुन्हा बांधले ते, कारण मोकळे केस म्हणजे सुतक.

माझी विनंती आमच्या फादर लोकांना आहे, ७ मार्चला प्रवचनाऐवजी ही डायरीच वाचून दाखवा, अर्धा तास पुरतो. आणि फेलिसिताचं बाळंतपणही वाचा. कळा येताना पहारेकरी म्हणाला आत्ताच एवढी ओरडतेस तर जनावरांपुढे काय करशील, तेव्हा ती म्हणाली, आत्ताचं दुखणं माझं मी सोसतेय, तिथे माझ्यात दुसरा कोणी असेल जो माझ्यासाठी सोसेल. तिला मुलगी झाली, ती एका ख्रिस्ती बाईने स्वतःच्या लेकीसारखी वाढवली. त्या मुलीचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आपली,
एक वाचक, वसई